दोघं बसलो की

३ फेब्रुवारी

तुला,

“दोघं बसलो की चढावर दम टाकते,” असं तो म्हणाला आणि तिथून माझं सगळं फिरलं. त्याच्या आधीच्या वाक्यापर्यंत मी बरा होतो.

झालं ते सांगतो. सकाळी मामाचं गॅरेज नुकतंच उघडलं होतं. मी एका गाडीचा क्लच खोलून बसलो होतो. हा आला, आपली छोटी स्कूटर स्टँडवर लावली, रुमालाने तिचा आरसा पुसला (दुरुस्तीला आणलेल्या गाडीचा आरसा कोण पुसतं?) आणि म्हणाला, इंजिनाची ताकद वाढवून हवीय. मोठा पिस्टन, मोठा सिलिंडर, जे काय घालतात ते. असं काम आलं की मामाचा नियम आहे, आधी विचारायचं, कशाला हवंय? शर्यतीला हवी असेल तर इंजिन वेगळं बांधायचं, ओझ्याला हवी असेल तर वेगळं. म्हणून मी विचारलं, तर हे उत्तर.

“दोघं म्हणजे?” मी म्हणालो. तेही कामाचंच होतं. मागे बसणारं माणूस केवढं, हे ठाऊक असावं लागतं.

त्याने तुझं नाव घेतलं नाही. टेकडीवरच्या दातांच्या दवाखान्यात रोज एकीला सोडायचं असतं, एवढंच म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. टेकडीवर दातांचा दवाखाना एकच आहे. आत शिरल्याबरोबर समोर बसून नाव लिहून घेणारी मुलगीही एकच. आणि ती मागे बसली की गाडी किती दबते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? अख्खं पहिलं वर्ष ती माझ्याच मागे बसून कॉलेजला यायची.

त्याचा धंदा मी विचारला नव्हता, त्यानेच सांगितला. दवाखान्यांसाठी कवळ्या बनवतो म्हणे. बरं झालं, मला त्याचं नाव लक्षात ठेवायची गरज उरली नाही. माझ्यासाठी तो कवळीवाला. तुला एक विचारू? जगात एवढी माणसं पडली असताना तुला कवळ्या करणारा सापडला? म्हातारपणाची सोय आत्ताच लावतेयस की काय?

रागाव. रागावलीस तर निदान दोन ओळी लिहिशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून हे पाकीट. आणि ते दवाखान्याच्या पत्त्यावर आलं म्हणून बिचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर तुझ्या आईने उघडलं असतं, आणि तुझ्या आईला मी तसाही पानातल्या खड्यासारखा लागतो.

काम मी घेतलं. तो गेल्यावर मामाने विचारलं, “काय रे भाच्या, तोंड असं का झालंय? कोणी एरंडेल पाजलं का?” मी म्हणालो, काही नाही. घेतलं अशासाठी, की मी नाही म्हटलं असतं तर तो दुसरीकडे गेला असता, आणि ज्या गाडीवर तू बसतेस तिच्या इंजिनात दुसऱ्या कोणी हात घातलेला मला खपला नसता. लिहिताना माझं मलाच हे वेड्यासारखं वाटतंय. पण लिहिलंय, आता खोडत नाही.


९ फेब्रुवारी

तुला,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच चाललो होतो, तरी पोस्टमन गॅरेजवरून जाताना मी दोनदा बाहेर आलो. दुसऱ्या वेळी त्यानेच मान हलवून नाही म्हटलं. आता त्यालाही माहीत झालंय.

कवळीवाल्याचं इंजिन खोललं. जुना पिस्टन काढून तळहातावर ठेवला, तर औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा. त्याच्या शेजारी नवा ठेवला की धाकट्या भावाशेजारी थोरला उभा राहिल्यासारखा दिसतो. सिलिंडर नवा, हेड नवं, पिस्टनभोवतीच्या रिंगा नव्या. रिंगा बसवताना त्यांची टोकं कुठे यायला हवीत ते तीन-तीनदा बघितलं. मामा मागे उभा होता. म्हणाला, “गाडीच आहे ना ती? का तान्ह्या बाळाला अंघोळ घालतोयस?”

तुला यातलं काही कळत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. पूर्वी ड्रॉइंगच्या तासाला तू मला सांगायचीस तसं. मामा म्हणतो, तोंड मोठं केलं की घासही मोठा द्यावा लागतो. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक बारका मणी असतो, त्याला जेट म्हणतात. त्याच्या भोकातून पेट्रोल आत जातं. इंजिन मोठं केलं की ते हवा जास्त ओढतं, तेव्हा पेट्रोलही जास्त लागतं, म्हणजे जेट मोठ्या भोकाचा घालावा लागतो. नाही घातला तर इंजिन तापतं. तापलं की पिस्टन फुगतो, आणि फुगला की सिलिंडरला पकडतो. भरधाव गाडीचं मागचं चाक एकदम अडतं. पुढे काय होतं ते तुला सांगायला नको.

आता खरं सांगतो. जुना जेट माझ्या हातात होता. परत बसवला असता तर कोणाला कळलं नसतं. गावभर फिरून आठवड्याभराने कुठेतरी पकडलं असतं आणि कवळीवाल्याला स्वतःच्याच दुकानातला माल वापरावा लागला असता. हा विचार माझ्या डोक्यात आला. चहा गार व्हायला लागतो तेवढा वेळ राहिला. मग मागच्या सीटवर तू दिसलीस आणि मी मोठा जेट बसवला. त्याच्यासाठी नाही बसवला. हे त्याला सांगायचं असेल तर खुशाल सांग.

ट्रायल घ्यायला टेकडीवर गेलो. गाडी अशी चढली की विचारू नकोस. वर जाऊन इंजिन बंद केलं आणि प्लग काढून बघितला. प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाच्या पोटातलं कळतं. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी आणि तापतंय. हा दुधाच्या चहासारखा, म्हणजे अगदी बरोबर. एवढं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं, आणि केलं ते कोणासाठी, तर त्याच्यासाठी.

येताना तुमच्या दवाखान्यावरून आलो. आत बघितलं नाही. बरं, बघितलं. काचेवर ऊन होतं, माझाच चेहरा दिसला.

संध्याकाळी तो गाडी न्यायला आला. माझे हात ग्रीसने बरबटलेले होते, तरी त्याने दोन्ही हातांनी हात मिळवला. एवढा सज्जन माणूस मला सहन होत नाही. कॉलेजात तो टारगट तुझ्याबद्दल वाईट बोलला तेव्हा हा असता तर काय करत बसला असता? आरसा पुसत बसला असता. मी त्या टारगटाचे दोन दात पाडले आणि माझं कॉलेज सुटलं. तू म्हणालीस, माझ्यासाठी मारलंस म्हणू नकोस. मग कोणासाठी मारलं, ते तरी सांग.


१३ फेब्रुवारी

तुला,

गाडी परत आली. आली कसली, ढकलत आणली त्याने. उतारावर बसून आणि सपाटीवर ढकलत. घामाने निथळत होता, आणि मला, देवाशपथ, इतका आनंद झाला की मी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं.

तक्रार ऐक. एकटा असला की गाडी वाऱ्यासारखी पळते. दोघं बसलात की सपाटीवर झकास, चढ लागला तरी झकास, आणि मग अर्ध्या चढावर गुदमरते. ॲक्सिलरेटर पिळला तर आणखी गुदमरते, मग बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू होते, पुन्हा थोडं जाऊन बंद. कालपासून हेच.

म्हणजे बघ, गाडी माझ्या बाजूची निघाली. त्याला एकट्याला नेते, तुला त्याच्याबरोबर नेत नाही. मी काही न करता.

“मग काल वर कसे गेलात?” मी विचारलं.

“चालत,” तो म्हणाला. “बरं झालं एका अर्थी. एरवी हेल्मेटमधून काय बोलणं होतंय? काल पोटभर गप्पा झाल्या.”

त्याच्या हातातला पाण्याचा पेला मी काढून घेतला. तो अजून प्यायचा होता.

गाडी मी ठेवून घेतली. आता ती दुरुस्त केली तर तू तिच्यावर बसून जाणार, नाही केली तर चालत गप्पा मारत जाणार. कोणीकडूनही मार मलाच. मामा म्हणतो, गिऱ्हाइकावर दात ठेवून काम करू नये. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. पण हल्ली माझ्या हातून पाना पडला तरी तो माझ्याकडे बघतो.


१७ फेब्रुवारी

तुला,

इतकी विचित्र गाडी मी पाहिली नाही. लक्षणं ऐक. चढावर बंद पडल्यावर लगेच प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. म्हणून आणखी मोठा जेट घातला. तर गावात धूर ओकते, प्लग काळाकुट्ट, आणि चढावर पहिल्यापेक्षा लवकर बंद पडते, तेव्हा प्लग पुन्हा पांढरा! त्याहून मोठा घातला, तर त्याहून लवकर. जास्त वाढलं तर जास्त उपाशी. असं पोर कुठे बघितलंयस?

सगळं तपासलं. कार्बोरेटर इंजिनाला जोडतो तिथून हवा चोरते का, ठिणगी नीट पडते का, सायलेन्सर तुंबलाय का. काही नाही. सिलिंडर काढून बघितला, पिस्टनवर एका बाजूला बारीक ओरखडे होते. म्हणजे एकदा-दोनदा पकडता पकडता राहिलंय. ते ओरखडे तू मागे बसलेली असतानाचे आहेत.

तर आता दोघांचं ओझं टाकूनच ट्रायल घ्यायला हवी होती. मामाचं वजन दोघांएवढं, तो नको. शेजारी बांधकाम चाललंय, तिथून पोत्यात वाळू भरून आणली. किती भरायची हे मला कोणी सांगावं लागलं नाही. मागच्या सीटवर ठेवून बघितली, थोडी जास्त वाटली, दोन ओंजळी काढल्या. गाडी तेवढीच दबली जेवढी तू बसलीस की दबायची. मग दोरीने बांधलं. मामा दारात उभा राहून बघत होता.

“हेल्मेट घाल की तिला,” तो म्हणाला.

“तिला कशाला, पोतं आहे ते.”

“मला दिसतंय पोतं आहे. तुला दिसतंय का, ते विचारतोय.”

मी किक मारली. टेकडीवर गेलो. वळणावर पोतं माझ्या पाठीला टेकलं आणि एक क्षण मला खरंच वाटलं... जाऊ दे. तू हसशील आणि त्याला सांगशील. तुम्ही दोघं माझी पत्रं वाचून हसत असाल का? हा प्रश्न मला रोज जेवताना पडतो. तो हसत नसेल. तो म्हणत असेल, बिचारा. त्यापेक्षा हसलेला परवडला.

अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. रस्त्याच्या कडेला मी आणि वाळूचं पोतं. थांबलो. थोड्या वेळाने चालू झाली, थोडी गेली, पुन्हा बंद. मामाला सांगितलं तर म्हणाला, “नुसतं थांबून बरी होते ना? मग आजार इंजिनात नाही. इंजिनाकडे येणाऱ्या वाटेत आहे. तू घास मोठा करत बसलायस, ताटात वाढतंय कोण ते बघ.”


१९ फेब्रुवारी

तुला,

आज दोन गोष्टी झाल्या. पहिली आधी सांगतो, कारण ती माझी आहे.

कवळीवाला गाडीची चौकशी करायला आला. मी म्हणालो, अजून सापडलं नाही, घाई असेल तर दुसरीकडे न्या. मला वाटलं, नेईल. तो म्हणाला, नाही नाही, सावकाश होऊ द्या, तिनेच सांगितलंय.

“काय सांगितलंय?”

“की इंजिनाचं काम असेल तर या गॅरेजात द्यायचं, आणि तुमच्याच हातात द्यायचं. म्हणाली, डोकं गरम आहे पण कामात खोट ठेवणार नाही.” मग म्हणाला, “कॉलेजचंही सांगितलंय तिने मला. मला त्यात काही वाटत नाही.”

त्याला काही वाटत नाही! वाटायला हवं होतं. पण ते सोड. तू त्याला माझ्याकडे पाठवलंस. तू. एवढी गॅरेजं आहेत गावात, तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे. पत्रांना उत्तर न देणारी मुलगी स्वतः बसते ती गाडी, म्हणजे स्वतःचा जीवच की, माझ्या हातात पाठवते, याचा अर्थ काय होतो? दिवसभर मी त्याचा अर्थ लावतोय. मामाने दोनदा हाक मारली, मला ऐकू आली नाही.

दुसरी गोष्ट. तो गेल्यावर पोतं बांधून पुन्हा टेकडीवर गेलो. बंद पडली. मामाचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून या वेळी वाट बघत बसलो नाही. पोतं उतरवलं, सीट उचलली आणि पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवलं. तर फुस्स! टाकीने बाहेरची हवा अशी आत ओढली, की पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास घेतो तशी. झाकण नुसतं टेकवलं, किक मारली, पहिल्या किकला चालू. पोतं बांधून थेट वरपर्यंत गेलो. तुमच्या दवाखान्याच्या दारात मी एकटाच मोठ्याने हसलो. ऐकलं असशील.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यायला लागते. हवा आली नाही तर पेट्रोल अडतं, बाटलीला तोंड लावून पाणी ओढलं की बाटली चेपते आणि पाणी यायचं थांबतं, तसं. हे भोक बुजलेलं होतं. जुनं इंजिन घोट घोट प्यायचं, त्याला झाकणाच्या रबराच्या फटीतून येणारी हवा पुरायची. नवं घटाघटा पितं, त्यात चढ, त्यात दोघं. म्हणून जेट मोठा केला की आणखी लवकर उपाशी.

भोक मातीने बुजलं नव्हतं. कोणीतरी मुद्दाम बुजवलं होतं, आतून, घासून पुसून, अगदी नीट. आणि कशाने, तर गुलाबी रंगाच्या कसल्याशा मसाल्याने. हिरडीच्या रंगाचा गुलाबी. सुईने कोरून काढला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी हातात आला.

कळलं ना कोण? टाकीचं नाक बंद करणारा हा माणूस रोज तुला मागे बसवून चढावर ॲक्सिलरेटर पिळत होता. आणि तुम्ही सगळे त्याला शहाणा म्हणता, मला डोकेफिरू.

त्याला मी सांगितलेलं नाही. निरोप पाठवलाय की गाडी झाली, पण शेवटची ट्रायल खऱ्या माणसाच्या वजनाने घ्यायची असते, तेव्हा तिलाही घेऊन या. हे खोटं आहे. तुला पत्र मिळेपर्यंत तू येऊन गेलेली असशील, म्हणून आत्ता सांगायला हरकत नाही. मला फक्त तू समोर हवी आहेस. तो मणी तळहातावर ठेवणार, त्याला विचारणार, हे कोणाचं काम, आणि मग तुझ्याकडे बघणार. एवढंच. बाकी काही बोलावं लागणार नाही.

मामा म्हणाला, “भोक मोकळं झालं, जेट परत बेताचा घातलास, ओरखडे घासलेस, संपलं काम. गाडी देऊन टाक. आता आणखी काय धार लावतोयस?” मी म्हणालो, माणसाला आपली चूक कळायला नको का? तो म्हणाला, “कळू दे की. पण बोलावलंयस दोघांना.”


२३ फेब्रुवारी

तुला,

तू होतीसच तिथे. तरी लिहितोय, कारण तू सगळा वेळ माझ्याकडे बघत नव्हतीस. माझ्या बाजूने कसं झालं ते तुला माहीत नाही.

सकाळपासून मी गॅरेज झाडून ठेवलं होतं. मामाने विचारलं, कोणी मंत्री येतोय का? तू आलीस. दवाखान्याच्याच कपड्यांत, हेल्मेट हातात, केस पूर्वीपेक्षा आखूड. म्हणालीस, “कसा आहेस?” यावर काय बोलायचं ते मी दोन वर्षं ठरवत होतो, आणि म्हणालो, “कामात.”

मग मी तो मणी काढला. पांढऱ्या फडक्यात ठेवला होता, नीट दिसावा म्हणून. त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, हे कोणाचं काम?

तो वाकला, बघितलं, आणि त्याचे ते कान. “माझंच,” म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलोही नाही. तुझ्याशी बोललो. सगळं बोललो, पाठ केल्यासारखं. टाकीला श्वास लागतो, याने तो बंद केला. पेट्रोल अडलं, इंजिन तापलं, पिस्टनवर ओरखडे आलेत, पुरावा म्हणून ते कसे होते त्याचा मी फोटोही दाखवला. “आणखी जरा रेटलं असतं तर पकडलं असतं. चाक अडलं असतं. आणि मागे कोण होतं?” मी थांबलो. माझ्या मते तिथे थांबायला हवं होतं.

तू विचारलंस, “हे तू कधी केलंस?”

एक क्षण मला वाटलं, मला विचारतेयस. तू त्याला विचारत होतीस.

तो म्हणाला, “तुझ्या त्या निळ्या ड्रेसवर पेट्रोल उडालं ना चढावर, झाकणातून. दोनदा धुतलास तरी वास जाईना. दिवसभर लोक विचारत होते म्हणालीस. त्या दिवशी दुकानात जाऊन केलं.”

“मला बोलला नाहीस.”

“त्यात बोलण्यासारखं काय होतं?” आणि मग त्याला माझं म्हणणं उशिराने कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. “मी पाडलं असतं तुला. मला कळलंच नाही.”

“पाडलं नाहीस ना,” तू म्हणालीस.

आणि माझ्या हातातल्या फडक्यावरून तो मणी उचललास. बोटांत धरून उजेडात बघितलास. त्या मण्याकडे असं बघितलंस, जसं तू माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. पहिल्या वर्षात नाही, कॉलेजच्या जिन्यात नाही, तुझ्यासाठी माझे हात रक्ताळले त्या दिवशी तर नाहीच. त्याच्या चुकीचा पुरावा म्हणून मी तो मणी इतके दिवस जपला. जपून, पुसून, फडक्यात घालून तुझ्या हातात दिला. त्याच्या वतीने तुला भेट द्यायची असती तर याहून चांगली मला जमली नसती.

मग तू माझ्याकडे वळलीस. मला वाटलं, आता. तू विचारलंस, “म्हणजे भोक उघडलं तर आता पुन्हा कपड्यांवर उडणार का?”

जेटचा विचार केला होता, चढाचा केला होता, मी काय बोलेन आणि तुझा चेहरा कसा होईल, त्याचा तर चार दिवस केला होता. तुझ्या कपड्यांचा केला नव्हता. मामा बाकावर बसून एक स्क्रू साफ करत होता, त्याने मान वर केली नाही. मान वर न करणं त्याला फार चांगलं जमतं.

“भोकाला बारीकशी नळी जोडून खाली सोडली तर?” कवळीवाला म्हणाला. “म्हणजे हवाही येईल आणि उडालंच तर रस्त्यावर जाईल. असं करता येतं का?” मलाच विचारत होता. खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. तोंडावर टोमणा मारला असता तर त्याच्याशी कसं वागायचं ते मला कळलं असतं.

“येतं,” मी म्हणालो.

केलं. झाकणाच्या भोकावर पितळेचा तुकडा डाख देऊन बसवला, त्यावर नळी चढवली, क्लिप लावली, सीटखालून वळवून चाकाच्या आत खाली सोडली. दुमडून दबू नये म्हणून वळणावर सैल ठेवली. तोंड लावून फुंकून बघितलं, हवा जात होती. तोंडभर पेट्रोलची चव आली. एवढा वेळ लागत होता तर तू एकदा तरी बघशील असं मला वाटत होतं. तू त्याच्या बाहीला लागलेलं ग्रीस काढत होतीस. ते निघत नाही, रॉकेल लागतं. मी सांगितलं नाही.

झाल्यावर म्हणालो, आता बंद पडणार नाही, पहिले काही दिवस दोघं असाल तर फार ताणू नका. तो थँक्यू म्हणाला, सवयीप्रमाणे चार वेळा. तू एकदाच म्हणालीस. “तुझ्याचकडे द्यायला हवं होतं, हे मला माहीत होतं,” म्हणालीस. त्याचा अर्थ मी दिवसभर लावत बसलो होतो, आठवतं? त्याचा अर्थ एवढाच होता. गाडी नीट होईल.

तुम्ही निघायला हवं होतं. पण तो मामाला काहीतरी विचारत बसला आणि तू स्टुलावर बसलीस, त्याच स्टुलावर, आणि हातातला मणी पर्समध्ये ठेवलास. ते मी बघितलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. ते बघून मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी पाना खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. मामाने तेवढ्यात वर बघितलं.

“कुठे चाललास रे?” त्याने विचारलं.

गॅरेज आमचं, गिऱ्हाईक तुम्ही, आणि जायला निघालो मी. मी हात पुसले, बाहेर पडलो आणि मागे दार लावून घेतलं.